डायलिसिसच्या खुर्चीशेजारी बसून केलेला जप

यजमानांचा मधुमेह जुना, त्यात रक्तदाब. दोन्ही मिळून मूत्रपिंडं पोखरतात हे ऐकून माहीत होतं. पण पायांवर सूज येऊन चपलेचा पट्टा रुतायला लागला तेव्हा कुठे सगळ्या तपासण्या झाल्या आणि क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी रक्तातून गाळून टाकायचा कचरा, इतकं वर गेलेलं निघालं, की डॉक्टरांनी सरळच सांगितलं, "आता डायलिसिस सुरू करावं लागेल. प्रत्यारोपणाचं पुढे बघू." परत येताना रिक्षात आम्ही दोघंही गप्प होतो. बडोद्याच्या सूरसागर तलावापाशी सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा हे एवढंच म्हणाले, "आईला कळलं असतं तर आधी गरुडेश्वरला घेऊन गेली असती."

माझं सासर दत्तसंप्रदायी. गायकवाडांच्या चाकरीच्या निमित्तानं बडोद्यात येऊन इथलीच झालेली मराठी घरं पुष्कळ, त्यांतलंच आमचं एक. सासूबाईंची सारी भिस्त टेंबे स्वामींवर. टेंबे स्वामी म्हणजेच वासुदेवानंद सरस्वती जन्मले कोकणातल्या माणगावला, 1854 साली. आयुष्यभर पायी हिंडले आणि 1914 साली नर्मदेच्या काठी गरुडेश्वरला देह ठेवला. बडोद्याहून ते ठिकाण ऐंशीएक किलोमीटर. लग्न होऊन आले तेव्हापासून घरात दर गुरुवारी आरती आणि "दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा" हा जप ऐकत आले. मीही म्हणायची, पण खरं सांगायचं तर एका कानानं कुकरच्या शिट्या मोजत. तो जप पुढे माझ्या कोणत्या कामी येणार आहे याची तेव्हा काही कल्पना नव्हती.

डायलिसिस म्हणजे नक्की काय, हे ज्यांच्या घरात नाही त्यांना ठाऊक नसतं, म्हणून जरा सविस्तर सांगते. आधी हातावर एक छोटी शस्त्रक्रिया करून शीर आणि धमनी एकमेकींना जोडतात. त्याला फिस्च्युला म्हणतात. ती शीर फुगून जाड व्हायला दीडदोन महिने जातात, तोवर मानेतून नळी घालून काम भागवतात. ही मानेतली नळी मला सगळ्यांत भीतिदायक वाटली. जंतुसंसर्ग होईल म्हणून गर्दीत जायचं नाही, अंघोळीला पाणी लागू द्यायचं नाही. कार्तिकीला मांडवीजवळच्या मंदिरातून विठ्ठलाचा वरघोडा, म्हणजे मिरवणूक, निघतो, त्यात हे लहानपणापासून चालत आलेले. त्या वर्षी घरात बसून राहिले.

फिस्च्युला तयार झाला की त्यात दोन जाड सुया टोचतात. एकीतून रक्त बाहेर येतं, मशीनमधल्या गाळणीतून जातं आणि दुसरीतून परत अंगात शिरतं. साधारण चार तास. आठवड्यातून तीनदा. आमची पाळी मंगळवार, गुरुवार आणि शनिवारची, सकाळी लवकर. आत जाताना वजन करायचं, बाहेर येताना करायचं. दोन वजनांतला फरक म्हणजे मधल्या दिवसांत अंगात साठलेलं पाणी. म्हणून पाण्यावर सगळ्यांत कडक बंधन. आमच्या घरात एक आखलेली बाटली आहे. सकाळी ती भरून ठेवायची, आणि चहा, ताक, आमटीचं पाणी, गोळ्या घेतानाचे घोट, सगळं त्यातून वजा करायचं. दिवसाला लिटरच्या आत.

खाण्यापिण्याचं त्याहून नाजूक. केळं, शहाळ्याचं पाणी, टोमॅटो, बटाटा यांत पोटॅशियम, आणि ते रक्तात वाढलं तर हृदय बंद पडू शकतं. भाज्या चिरून, उकळून, ते पाणी ओतून देऊन मग फोडणी द्यायची. उपासाची खिचडी, दाण्याची आमटी, बटाट्याचा कीस, म्हणजे जे जे देवाच्या नावानं ताटात येतं, नेमकं तेच यांना वर्ज्य झालं. प्रसादाचं केळं कुणी हातावर ठेवलं की हे कपाळाला लावून माझ्याकडे देतात. पहिल्यांदा दिलं तेव्हा मला रडू आवरलं नव्हतं. आता मी ते खाते आणि दोघांच्या वतीनं नमस्कार करते.

सुरुवातीचे महिने नातेवाइकांचे फार फोन यायचे. माया होती, नाही असं नाही. पण "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल" हे वाक्य आजारी माणसाच्या बायकोला सांगण्यात कोणती माया आहे, हे मला आजवर कळलेलं नाही. त्याहून वाईट म्हणजे "देवावर खरी श्रद्धा असेल तर हे मशीन सोडा, अमक्याचा काढा घ्या" असं सांगणारे. डायलिसिसच्या वॉर्डात मी असं ऐकून मशीन सोडलेली माणसं पाहिली आहेत. दम लागून, अंगभर सुजून, उचलून आणलेली. सगळीच वाचली नाहीत. म्हणून हे मी जोर देऊन लिहिते आहे. माझा दत्तगुरूंवर जिवापाड विश्वास आहे, आणि मशीनची एकही पाळी मी आपणहून चुकू दिलेली नाही. या दोन गोष्टींत मला कधी भांडण दिसलं नाही. ज्यानं माणसाला बुद्धी दिली त्यानंच ती गाळणी बनवणाऱ्यालाही दिली.

त्या चार तासांत नातेवाइकानं करण्यासारखं फारसं काही नसतं. आमच्याकडे शेजारी स्टुलावर बसू देतात. टेक्निशियन मुलगा सुया लावून झाल्या की "चालो काका, हवे आराम करो" म्हणून पुढच्या खुर्चीकडे जातो. यांना बहुधा डोळा लागतो. रक्तदाब अचानक उतरतो कधी, पायात गोळे येतात, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. मी आधी मोबाईल बघत बसायची. त्यानं जीव जास्तच घाबरा व्हायचा, कारण बघून बघून मी बघणार काय, तर आजाराचंच. मग एके दिवशी पर्समध्ये सासूबाईंची तुळशीची माळ टाकून नेली आणि पदराआड धरून जप सुरू केला. मन लागत होतं असं मुळीच नाही. मशीनचा गजर झाला की तुटायचा, सिस्टर आली की तुटायचा. तरी पुन्हा धरायचा. असं करता करता त्या चार तासांना एक आकार आला. "कधी संपेल" याऐवजी "अजून एक माळ झाली" असं मनात यायला लागलं. हे छोटं वाटेल, पण तिथं बसणाऱ्याला विचारा.

जपाबरोबर एक दुसरं काम मला टेक्निशियननं शिकवलं होतं. फिस्च्युला चालू आहे की नाही हे रोज घरी हात लावून बघायचं. मनगटाच्या वर, जोडाच्या जागी, तीन बोटं अलगद ठेवायची. आत रक्त जोरानं धावतं त्याची थरथर बोटांना लागते, कुशीत घेतलेलं मांजर गुरगुरावं तशी. त्याला ते लोक थ्रिल म्हणतात. थरथर लागली नाही तर शीर आतून गोठली असं समजून लगेच हॉस्पिटल गाठायचं. मी रोज सकाळी देवाला दिवा लावला की ओल्या हातानंच यांच्या मनगटाला बोटं लावते. ती थरथर माझ्या हातात नाही, ती मी निर्माण करू शकत नाही. ती आहे का एवढं बघणं मात्र माझं काम आहे. देवाच्या बाबतीत माझं जे काही थोडंफार समजणं झालं, ते याच कामातून झालं.

आणि मग 2024 चा श्रावण आला.

26 ऑगस्टला सोमवारी जन्माष्टमी होती. त्या दिवशी बडोद्यात जो पाऊस लागला तो थांबेचना. संध्याकाळी शेजारच्या बेनकडे पाळणा होता, दोन जिने चढून जायचं म्हणून मी एकटीच गेले आणि सुंठवड्याची पुडी घेऊन आले. यांनी चिमूटभर जिभेवर ठेवला. रात्रीपासून आजवा सरोवराच्या पाण्याच्या बातम्या यायला लागल्या. आजवा म्हणजे सयाजीरावांच्या काळात शहराला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं धरण. ते भरलं की पाणी विश्वामित्रीत येतं, आणि विश्वामित्री तर शहराच्या मधूनच वाहते. तिची धोक्याची पातळी 25 फूट. ती 35 फुटांच्याही वर गेली. आम्ही राहतो अकोट्याच्या सखल भागात, पहिल्या मजल्यावर. मंगळवारी पहाटे हॉस्पिटलला निघायचं म्हणून खाली डोकावले तर जिन्याच्या शेवटच्या पायऱ्या दिसत नव्हत्या आणि पार्किंगमधल्या स्कूटरींचे फक्त आरसे वर होते.

डायलिसिसची शेवटची पाळी शनिवारी झालेली. शनिवार ते मंगळवार हे अंतर मुळातच आठवड्यातलं सगळ्यांत मोठं, आणि त्यात मंगळवार बुडाला. डॉक्टरांना फोन लागला. ते शांतपणे म्हणाले, पाणी निम्म्यावर आणा, फळ नाही, रस नाही, मीठ नाही. पोटॅशियम उतरवणारी पावडर घरात होती, ती कशी द्यायची ते सांगितलं. छातीत धडधडलं किंवा हातपाय गळाल्यासारखे वाटले तर जमेल तसं बाहेर पडा. फोन ठेवला आणि थोड्याच वेळात वीज गेली.

एरवी तहान लागली की हे बर्फाचा खडा चघळतात, म्हणजे घसा ओला राहतो आणि पाणी कमी जातं. फ्रीज बंद म्हणून बर्फ नाही. चहूबाजूंनी पाणी, गॅलरीतून वाकलं तर खालचं गढूळ पाणी भिंतीला चाटत असलेलं दिसतं, आणि घरात मी चमच्यानं मोजून पाणी देते आहे. रात्र पडली. कुठून तरी कुणी ओरडलं, "मगर छे, मगर!" विश्वामित्रीत मगरी आहेतच, पूर आला की त्या वस्तीत शिरतात, बडोदेकराला ते नवीन नाही. पण त्या अंधारात ती हाक अंगावर आली.

मध्यरात्रीनंतर यांना आडवं पडवेना. पाणी छातीत साठायला लागलं की असंच होतं. पाठीला उशा लावून बसवलं. श्वासाचा आवाज यायला लागला, बारीक, ओला. एक मेणबत्ती, तीही संपत आलेली. मोबाईलमध्ये थोडं चार्जिंग, ते डॉक्टरांसाठी राखून ठेवलेलं. मुलगी नाशिकला, तिच्याशी बोलावंसं वाटत होतं पण फोन केला नाही.

तिथं मी देवाशी भांडले. मनातल्या मनात, पण अगदी तोंडावर. म्हटलं, सासूबाईंनी जन्मभर तुझं केलं, यांनी केलं, मी त्या स्टुलावर बसून तुझं नाव घेते आहे, आणि तू आज इथं पाणी भरून ठेवलंस? माझी अशी समजूत आहे, की ज्याच्यावर हक्क असतो त्याच्याशीच माणूस असं भांडतो. त्या रात्री भांडायला कुणीतरी समोर होतं. मला कोणाचा आवाज आला नाही, उजेड दिसला नाही, पाणीही उतरलं नाही. पण रिकाम्या खोलीत आपण बडबडतो आहोत असं एकदाही वाटलं नाही. हे मी कुणाला सिद्ध करून दाखवू शकणार नाही आणि मला त्याची गरजही नाही.

भांडून झाल्यावर मी यांच्या मागे भिंतीला टेकून बसले आणि त्यांना अंगावर रेलू दिलं. एक हात पाठीवर, दुसऱ्या हाताची बोटं फिस्च्युल्यावर. माळ शोधायला उठले नाही. त्या थरथरीवरच जप धरला. हे मध्येच म्हणाले, "मोठ्यानं म्हण." मग मोठ्यानं म्हणत राहिले. वरच्या मजल्यावरून बेन बॅटरी घेऊन आल्या, त्या जैन, त्या आपला नवकार म्हणत बसल्या. दोन्ही आवाज एकाच खोलीत. मला त्या वेळी स्पष्ट कळत होतं की यातला पुढचा श्वास माझ्या हातचा नाही. माझ्या हातचं जे होतं, उशी, पाण्याचा चमचा, पावडर, फोन, ते मी सगळं केलं होतं. उरलेलं मी तिथं ठेवलं. ठेवलं म्हणजे अगदी खाली ठेवलं, कारण ते पेलण्याची ताकदच उरली नव्हती. आणि ठेवल्यावर माझे हात थरथरायचे थांबले. पहाट होईपर्यंत मला जो धीर राहिला तो माझ्या स्वभावातला नव्हे. मी घाबरट बाई आहे, घरचे सगळे सांगतील.

बुधवारी सकाळी बेनच्या मुलानं कुठून कुठून फोन लावले. दुपारी बचाव पथकाची बोट आमच्या गल्लीत आली. नारिंगी जाकिटं घातलेली मुलं जिन्याच्या वळणापर्यंत चढून आली. यांना चालवत नव्हतं. दोघांनी हातांची खुर्ची केली, एक म्हणाला, "काका, गळामां हाथ नाखो, बीशो नहीं." यांनी त्याच्या गळ्यात हात टाकला, लहान मूल टाकतं तसा विश्वासानं. मी मागून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली फाइल डोक्यावर धरून उतरले. बोटीत बसताना त्या मुलाच्या मनगटावर लाल दोरा होता आणि तो चिखलानं काळा झाला होता, एवढं मला लख्ख आठवतं. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं. पण रोज दिवा लावताना एक नमस्कार त्याला जातो.

उंचावरच्या रस्त्याला रुग्णवाहिका मिळाली. हॉस्पिटलमध्ये मला खरी काळजी होती ती पाण्याची. एका माणसाच्या एका डायलिसिसला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध केलेलं पाणी लागतं, मिनिटाला अर्धा लिटर या हिशेबानं. शहर बुडालेलं, वीज ये-जा करते आहे, तिथं हे पाणी कुठून येणार? पण त्यांनी जनरेटर चालू ठेवला होता, टँकर आणवला होता. कर्मचाऱ्यांतली काही जणं दोन दिवस घरीच गेली नव्हती. आधी ईसीजी काढला, रक्त घेतलं. पोटॅशियम सहाच्या वर. साडेतीन ते पाच असायला हवं. लगेच इंजेक्शन दिलं आणि मशीनला लावलं. टेक्निशियननं फिस्च्युल्याला बोटं लावली, माझ्याकडे बघून मान हलवली. तासाभरात श्वासाचा तो ओला आवाज कमी झाला. दुसऱ्या तासात यांना झोप लागली. मी स्टुलावर बसले आणि जप केला नाही. नुसती बसून राहिले.

त्या खोलीत त्या दिवशी माझ्यासारख्या कितीतरी जणी होत्या. एकीचा नवरा त्या आठवड्यात वाचला नाही. तिचाही देव होता, तीही रात्रभर नाव घेत होती, हे मला माहीत आहे. म्हणून "माझ्या श्रद्धेनं वाचले" असं मी कधीच म्हणत नाही, आणि म्हणणाऱ्यांनाही म्हणू देत नाही. ती बाई नंतर एकदा आपली राहिलेली औषधं गरजूंना द्या म्हणून वॉर्डात घेऊन आली होती. आम्ही बाहेर बाकावर खूप वेळ बसलो. ती म्हणाली, "ताई, मला देवाचा राग येतो, पण दिवा लावायचा राहिला की चैन पडत नाही." मी तिला काहीही समजावलं नाही. तिचा हात धरून बसले. तिच्याजवळ देव आहे याबद्दल मला शंका नव्हती, आणि ते तिला सांगण्याची ती वेळ नव्हती.

दिवाळीनंतर एका रविवारी गाडी करून गरुडेश्वरला गेलो. डबा घरचा, बिनमिठाचा. स्वामींच्या समाधीपुढे यांनी दंडवत घालता येत नाही म्हणून भिंतीला धरून वाकून नमस्कार केला. पुजाऱ्यांनी तीर्थ दिलं. हे माझ्याकडे बघायला लागले, घेऊ का म्हणून. मी म्हटलं, घ्या, आजच्या बाटलीतून वजा करते. त्यांनी घेतलं आणि ओला हात डोळ्यांना लावला. काय मागितलंत असं मी विचारलं नाही. मी स्वतः त्या दिवशी काही मागितलं नाही, कारण जे मागायचं होतं, सोबत असण्याचं, ते त्या अंधारात मिळून गेलं होतं.

त्यानंतर प्रत्यारोपणासाठी यांचं नाव नोंदवलं आहे. मुलगी स्वतःचं मूत्रपिंड द्यायला तयार होती, पण तिचा रक्तगट जुळला नाही आणि माझी साखर आडवी आली. आता मेंदूमृत दात्याच्या यादीत आमचा नंबर आहे. फोन रात्री-अपरात्री केव्हाही येऊ शकतो, आला तर काही तासांत पोचावं लागतं. तो फोन येईल तेव्हा दुसऱ्या कुठल्यातरी घरात आकांत चाललेला असेल, हेही मी विसरू शकत नाही. म्हणून रोजच्या जपात एक माळ त्या घरासाठी करते, जे घर अजून मला ठाऊक नाही. दारामागे बॅग भरून ठेवली आहे. तिच्यात फाइल, यांचे कपडे, पावडरच्या पुड्या, चार्ज केलेली पॉवर बँक आणि सासूबाईंची माळ आहे.